वाडी आहे, वस्ती नाही

आमच्या लग्नाला पुष्कळ वर्षं झाली, पण नवरा-बायको म्हणून आम्ही एका छपराखाली सलग राहिलो ते अगदी अलीकडे, आमचे हे निवृत्त होऊन मुंबईहून कायमचे गावी आले तेव्हापासून. त्याआधीचा संसार म्हणजे गणपती, शिमगा आणि मे महिन्यातली सुट्टी. रत्नागिरीच्या आतल्या गावांत ही काही सांगण्यासारखी गोष्ट नाही. पुरुष मुंबईला आणि बायका शेतावर, हे घरोघरी चालत आलेलं. हे तिकडे पत्र्याचे डबे करणाऱ्या कारखान्यात होते आणि मी इकडे अंगणवाडी सांभाळून भात लावत, मुलगा वाढवत, सासू-सासऱ्यांचं करत राहिले. त्यामुळे हे ट्रंक घेऊन एसटीतून उतरले आणि "आता परत जायचं नाय," म्हणाले, तेव्हा या वयात लाज वाटावी इतका आनंद मला झाला होता.

तो आनंद कसा गेला, तेवढंच मला लिहायचं आहे. कुणी चोरी केली नाही, कुणी दमदाटी केली नाही. सगळ्यांनी सगळं नियमानं केलं आणि त्यातच आमचं वाटोळं झालं. म्हणून तर राग काढायला माणूस सापडत नाही.

पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांशेजारी जन्म गेल्यामुळे यांना हळू बोलणं माहीतच नव्हतं. जेवताना "मीठ दे" म्हणाले तर पलीकडच्या घरातून जाऊबाई मीठ घेऊन येतील, असा तो आवाज. मी म्हणायची, "अवो, मी चुलीपाशी हाय, बोरिवलीला नाय." ते ओशाळून हसायचे आणि पुढचं वाक्य तितक्याच मोठ्यानं बोलायचे. कानात सारखी घूं वाजते अशी त्यांची तक्रार होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलंय ते परत येणार नाही, आहे ते जपा, शांत जागी राहा. मग पडवीत खुर्ची टाकून हे बसायचे. काही करायचे नाहीत, नुसते बसायचे. बसण्याची नोकरी लागली का, म्हणून मी चिडवायची, पण मला ते बसणं आवडायचं. हळूहळू त्यांचा आवाज खाली आला. एकदा मी मागीलदारी भांडी घासत होते, हे आतून काहीतरी बोलले आणि मला ते ऐकूच आलं नाही. हात तसेच राखेचे घेऊन मी आत गेले आणि काय म्हणालात म्हणून विचारलं. "काय नाय गो, चहा ठेव म्हटलं," इतकंच होतं ते.

आमची वाडी डोंगराच्या उतारावर आहे. वर सपाट कातळाचा सडा, मध्ये आमची घरं, खाली भाताचे मळे आणि मळ्यांच्या कडेनं वाहणारा पऱ्या, म्हणजे ओढा. पावसाळ्यात सड्यावर गवत येतं, गुरं चरतात, बारीक बारीक फुलं फुलतात. बाकी वर्षभर तिथे तापलेला जांभा दगड, दुसरं काही नाही. त्याच दगडाचे चिरे काढून आमची घरं बांधलीत, पण ते पहारी-छिन्नीनं, ज्याच्या त्याच्या घरापुरते. सड्याचा मोठा तुकडा आमच्याच भावकीतल्या एका घराचा होता. ते घर केव्हाच मुंबईचं झालेलं, गणपतीलासुद्धा कुणी येत नव्हतं. त्यांनी तो तुकडा विकला आणि घेणाऱ्यानं चिरेखाणीची परवानगी आणली.

आमच्याकडे ग्रामपंचायत आहे, पण गावाचं खरं ठरतं ते गावकीत. गावकी म्हणजे मानकऱ्यांची आणि कर्त्या पुरुषांची बैठक. ती ग्रामदेवतेच्या देवळात बसते. बायका बाहेर पायऱ्यांवर. खाणवाला नारळ घेऊन आला, देवीला ठेवला, सगळ्यांना नमस्कार केला. माणूस गोड. गावकीनं पुष्कळ वेळ खल केला आणि त्याला एकच अट घातली, की मंगळवार पाळायचा. मंगळवार हा आमच्या देवीचा वार. त्या दिवशी जमिनीला नांगर लागत नाही, कुदळ लागत नाही, कुणी शेतात उतरत नाही. खाण घरांपासून किती लांब राहणार, खड्ड्यांत साचलेलं पाणी कुठे जाणार, हे एकानंही विचारलं नाही. मंगळवार विचारला. खाणवाल्यानं हात जोडले आणि म्हणाला, देवीच्या दिवशी पातं फिरणार नाही. त्यानं तो शब्द शेवटपर्यंत पाळला, हे मला कबूल करावंच लागेल. गावकी खूश. बाहेरच्या माणसाला आपला देव मानायला लावला, ही फुशारकी त्या वर्षीच्या शिमग्यापर्यंत पुरली.

चिरे काढायचं यंत्र ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते. लोखंडी रुळांवर मागे-पुढे सरकणारा गाडा असतो, त्याला मोठं गोल पातं. ते पातं कातळात शिरलं की दगड ओरडतो. तो आवाज कानाला लागतोच, पण दातांतही लागतो. सकाळी चहाच्या वेळेला सुरू व्हायचा आणि दिवेलागणीला थांबायचा. तांबडी धूळ उतरायची ती वेगळी. तुळशीची पानं पुसावी लागायची. पण धुळीचं मी काही म्हणत नाही, धूळ पुसता येते. यांचा आवाज पुन्हा चढला. मला ऐकू जावं म्हणून हे ओरडायचे, त्यांना ऐकू जावं म्हणून मी ओरडायची, आणि ओरडून बोलता बोलता भांडण कधी लागायचं ते कळायचं नाही. भाजीत मीठ कमी आहे हे ओरडून सांगितलं की ते मायेनं कसं सांगणार? सबंध आठवड्यात मंगळवार तेवढा आमचा. त्या दिवशी आम्ही नीट बोलायचो आणि बुधवारी पुन्हा वैऱ्यासारखे.

हे कारखान्यात युनियनमध्ये होते, त्यामुळे अर्ज केला की काम होतं यावर यांची श्रद्धा. कुठून तरी नियम शोधून काढला. खाण वस्तीपासून ठरलेल्या अंतरावर हवी आणि आवाज ठरलेल्या मर्यादेत हवा. हे एसटीनं रत्नागिरीच्या खेपा घालत राहिले. एका ऑफिसातून दुसऱ्या, दुसऱ्यातून परत पहिल्या. शेवटी आवाज मोजायला माणसं पाठवायचं कबूल झालं. वाडीतले लोक हजर पाहिजेत, तेव्हा तुमच्या सोयीचा दिवस कळवा, असा तिकडून निरोप आला. गावकी बसली. सगळ्यांत वयस्कर मानकरी म्हणाला, "मंगळवारी बोलवा. त्या दिवशी आमी सगळी घरातच असताव." सगळ्यांच्या माना हलल्या. यांची हलली. पायरीवर मीही होते आणि माझीही हलली असणार. कारण मंगळवार म्हणजे माणसं घरात, हे आमच्या हाडात बसलेलं. त्या दिवशी आणखी काय बंद असतं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मंगळवारी ऑफिसातून एक बाई आणि एक गृहस्थ आले. बाई तरुण, चुणचुणीत. आमच्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, तिपाई मांडून तिच्यावर आवाज मोजायचं यंत्र लावलं आणि म्हणाली, आता कृपा करून कुणी बोलू नका. सगळी वाडी आमच्या खळ्यात जमलेली. आमची माणसं ऑफिसच्या माणसाचं ऐकणारी, त्यामुळे खोकलासुद्धा नाही कुणी. मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी. फणसावर कुठेतरी भारद्वाज घुमत होता. खालच्या पऱ्याचं पाणी ऐकू येत होतं, जे बाकीच्या वारी कधी ऐकू यायचं नाही. मग मी यांच्याकडे पाहिलं. यांचा चेहरा आधी नुसता रिकामा झाला, मग काळाठिक्कर पडला. त्यांना कळलं होतं. एकेक करून सगळ्यांनाच कळत गेलं, पण बोलायचं नव्हतं ना. म्हणून सगळी वाडी हाताची घडी घालून आपली शांतता मोजून घेत उभी राहिली.

मोजणी झाल्यावर यांना राहवलं नाही. खाणीच्या मुकादमाला बोलावणं पाठवलं. तो आला. हे त्याला म्हणाले, दहा मिनिटं यंत्र चालव, बाईंना ऐकू दे. मुकादमानं खाली बघत सांगितलं की आमी गावाला शब्द दिलाय. तेवढ्यात मानकरीच पुढे झाला आणि यांच्यावर ओरडला, "खुळा झालास काय? देवीचा वार मोडतोस? आन तो पण आपल्या हातानं?" हे म्हणाले, "काका, वाडीसाठी सांगतोय." मानकरी म्हणाला, "वाडी देवीची हाय." बाईंना वाईट वाटलेलं दिसलं, पण त्यांची गाडी पुढे गुहागरकडे जायची होती आणि पुन्हा नंबर कधी लागेल ते त्यांच्या हातात नव्हतं. चहा मात्र त्यांनी घेतला. अहवालात आलं की हा परिसर शांत आहे.

मी त्या दिवशी मानकऱ्याचा जितका राग केला तितका कुणाचा केला नाही. पण नंतर वाटलं, तो तरी काय वेगळं बोलणार होता? देवीच्या दिवशी माझ्याच मागीलदारी कुणी कुदळ मारली असती तर मीही धावून गेले असते.

त्या पावसाळ्यात खाणीतले खड्डे तुडुंब भरले. आधी त्याचं पोरांना कौतुक, पोहायला जायची. मग आमच्या गोठ्यामागच्या बांधातून तांबडं पाणी पाझरायला लागलं, जिथे कधी झरा नव्हता. आणि एका सकाळी मी गुरांना गवत टाकायला गेले तर गोठ्यापासून वरच्या काजूपर्यंत जमिनीला भेग. माझा हात मनगटापर्यंत आत गेला. मी यांना हाक मारली. यंत्र पावसाळ्यात बंद असतं, त्यामुळे पहिल्या हाकेला आले. दोघांनी वाकून त्या भेगेत पाहिलं, आणि आमच्या या घराखाली जमीन आहे ती कायमची आहे असं मी जन्मभर धरून चालले होते, ते त्या दिवशी सुटलं.

वाडी मराठी शाळेत हलवली. गुरं खालच्या गोठ्यांत बांधली. शाळेच्या खोलीत पोरांच्या पाढ्यांच्या तक्त्याखाली अंथरुणं टाकून आम्ही पाऊस ओसरायची वाट बघितली. पाहणीला माणसं आली, छत्र्या धरून भेगेची लांबी घेतली, माती पिशवीत भरली. तेव्हाच कळलं की तालुक्यातल्या जमिनींचा नवा आराखडा होतोय. कुठे शेती, कुठे घरं, कुठे खाणी, कुठे दरडीचा धोका, हे रंगांनी नकाशात ठरणार. ज्याला काही म्हणायचं असेल त्यानं लेखी म्हणावं. यांना त्या तक्त्याखालीच जणू उजेड दिसला. मला म्हणाले, "आवाजावर हरलो, आता धोक्यावर जिंकू. वाडी धोक्यात हाय असं एकदा नकाशात आलं की वरची खाण कुठला मायेचा पूत चालू ठेवतो बघू." मला पटलं. गावकीला पटलं. आमच्या वाडीच्या मुंबईतल्या मंडळालाही पटलं, आणि तिकडच्या माणसांना काही पटणं म्हणजे काय ते आम्हालाच माहीत.

मग आम्ही आमची वाडी धोक्याची ठरावी म्हणून भांडलो. लोक याच्या उलट भांडतात. आम्ही सह्या केल्या, भेगेचे फोटो काढले, टेम्पो करून सुनावणीला रत्नागिरीला गेलो. सभागृहात माझ्या शेजारी खाडीकडची एक मासेवाली बसली होती. तिची मासळी वाळवायची जागा भरतीच्या धोक्याच्या रंगात गेली होती आणि तो रंग काढा म्हणून ती आली होती. मी तिला म्हटलं, आम्हाला रंग हवाय. तिनं माझ्याकडे वेड्या बाईकडे बघावं तसं बघितलं आणि पदर सावरून म्हणाली, "बाय, ह्यांच्याकडून काय मागून घेऊ नको." तेव्हा मला ती तुसडी वाटली.

आमचं नाव पुकारलं तेव्हा हे उभे राहून बोलले. किती छान बोलले. आवाज वर नाही, खाली नाही. साहेबांनी ऐकून घेतलं, लिहून घेतलं, आणि तुमची मागणी रास्त आहे म्हणाले. परत येताना टेम्पोत बायकांनी गाणी म्हटली. हे पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते आणि सारखे मागे वळून बघत होते, सगळे आहेत ना म्हणून. मला नवऱ्याचा अभिमान वाटला. तो शेवटचा चांगला दिवस.

पक्का नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला तेव्हा हे आणि मी दोघंच बघायला गेलो. कच्च्या नकाशात शेतीच्या हिरव्यात आमच्या वाडीचा एक पिवळा ठिपका होता. पिवळा म्हणजे वस्ती. आता तिथे सगळा उतार लाल. लाल म्हणजे धोका. यांनी माझा दंड धरला, झालं म्हणाले. मग त्यांचं बोट वर सड्याकडे गेलं. सडा खाणीच्याच रंगात होता. आधी खाणीचा रंग सड्याच्या पलीकडच्या टोकाला होता आणि मध्ये मोकळी पट्टी सोडलेली होती. आता तो रंग थेट आमच्या डोक्यावर, सड्याच्या कडेपर्यंत आलेला. आम्हाला वाटलं, रंग चुकला असेल.

रंग चुकला नव्हता. हे मला घेऊन ऑफिसात गेले. तिथले साहेब सभ्य होते, खुर्ची दिली, पाणी दिलं, नकाशा पसरला. म्हणाले, धोक्याच्या क्षेत्रात आम्हाला वस्ती दाखवता येत नाही. दाखवली तर आम्हीच तिथे राहा म्हटल्यासारखं होईल. हे म्हणाले, बरोबर. साहेब म्हणाले, आणि खाणीचं अंतर मोजतात ते वस्तीपासून. हे नकाशावर वाकले. साहेब म्हणाले, तुमच्याकडची सर्वांत जवळची वस्ती आता पऱ्यापलीकडची, तिथून सडा भरपूर लांब आहे.

"आणि आम्ही?" मी विचारलं.

"तुमचं स्थलांतर प्रस्तावित आहे ना."

"कुठे?"

"जागा पाहणं चालू आहे. मिळाली की कळवू."

"मग खाणीत साठणारं पाणी? त्यानंच डोंगर फुटतोय."

साहेबांनी समजावलं की सडा सपाट आहे, दरड कोसळते ती उतारावरून, म्हणून उतार लाल आणि सडा नाही. पाण्याचं म्हणाल तर ते दुसरीकडे विचारावं लागेल. ते मुद्दाम काही करत नव्हते. आवाज एका टेबलाचा, दरड दुसऱ्या टेबलाची आणि पाणी तिसऱ्या इमारतीत. डोंगर एकच आहे हे कुणाच्याच कामात बसत नव्हतं. मला त्यांच्या तोंडावर ते पाणी फेकावंसं वाटलं. मी पेला पालथा घालून ठेवला आणि उठले. जिन्यात हे कठड्याला धरून उभे राहिले आणि पहिल्यांदाच म्हणाले, "गो, माझ्यामुळं झालं." मी म्हटलं, तुमच्यामुळे काही नाही, चला, एसटी चुकेल.

पुढचं सगळं त्या रंगातून आपोआप येत गेलं. पावसानं आमची मागली भिंत बसली होती, ती बांधायला परवानगी मिळाली नाही, कारण लाल भागात नवं बांधकाम नाही. भिंतीच्या जागी आम्ही ताडपत्री बांधली. ती वाऱ्यानं फाटली की नवी बांधतो. पावसाळ्याच्या तोंडाला नोटीस आली की सुरक्षित ठिकाणी जावे, न गेल्यास जबाबदारी आपली. सुरक्षित ठिकाण म्हणजे तीच शाळा. आणि दसरा झाल्यावर, खड्ड्यांतलं पाणी आटल्यावर, पात्याचा गाडा सड्याच्या अगदी कडेला आला. आमच्या खळ्यातून मान वर केली की पातं फिरताना दिसतं. मी वर जाऊन मुकादमाला म्हटलं की अरे, खाली घरं आहेत. त्यानं मोबाइलवर नकाशा उघडून दाखवला. "वहिनी, बेकायदेशीर काय करत नाय आमी. इथं घर नाय दाखवलेलं." त्याच्या मागे आमच्या घरातून चुलीचा धूर वर येत होता, तो आम्हा दोघांनाही दिसत होता. मंगळवार मात्र तो अजून पाळतो.

हिवाळा संपेपर्यंत यांचा एक कान पुरता गेला. दुसऱ्यात घूं वाढली. डोकं धरून बसायचे, जेवणावरून उठायचे. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, बाई, यांना इथून हलवता येणार नाही का? मुलगा विरारहून आला. त्याच्याकडे बंद काचांच्या खिडक्या आहेत. तो म्हणाला, दोघंही चला, इथे आता काय राहिलंय? हे खुर्चीवर बसून माझ्याकडे बघत होते. त्यांना ऐकू येत नव्हतं, पण काय चाललंय ते कळत होतं. मी वाकून त्यांच्या चांगल्या कानात ओरडून सांगितलं, "तुमी जावा. मी येत नाय." ते म्हणाले, "का?" मी म्हटलं, "दोघं गेलाव की त्यांचा नकाशा खरा ठरंल." त्यांनी पुष्कळ वाद घातला, मग रडले. आयुष्यभर मुंबईला जाताना हा माणूस कधी रडला नव्हता. मला रडू आलं नाही, मला नुसता संताप आला, की या माणसाच्या वाटणीचे सुखाचे चार दिवस होते, तेही कुणाला बघवले नाहीत. मीच त्यांची बॅग भरली.

आता वाडीतली बरीच घरं बंद आहेत. जाऊबाई लेकीकडे चिपळूणला गेल्या. स्थलांतरासाठी कुठल्या घरात माणसं राहतात ते बघायला कधीतरी पथक येणार आहे, दिवस सांगून येणार नाही, आणि जिथे राबता दिसणार नाही ते घर रिकामं धरणार, असं ग्रामपंचायतीत ऐकून आले. एकटी म्हातारी दिसली तर तिला म्हणतील, तुम्ही पण जा ना मुलाकडे. म्हणून मी रोज खळ्यात दोरीवर कपडे वाळत घालते, माझे आणि यांचे. यांचं एक जुनं धोतर आणि दोन सदरे कपाटात राहिलेत. काल धुवायला काहीच नव्हतं, तर त्यातला धुतलेलाच सदरा पुन्हा भिजवला, पिळला आणि सड्यावरून मुकादमालाही दिसेल अशा बाजूला टाकला.